अभंगाचा भंग



वारकऱ्यांच्या मासिकात मोबाईलच्या घंटीवर लेख कशाला, असे काही माउलींना वाटेल. वाटू द्या. संप्रदायावर बाहेरून येणाऱ्या संकटांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आज घरातले भांडण काढायचे आहे. ते माळ घातलेल्या, एकादशी धरणाऱ्या, रोज सायंकाळी हरिपाठाला उभे राहणाऱ्या माणसांशी आहे, म्हणजे तुमच्याशीच आहे. तुमच्या खिशातला फोन जर ज्ञानोबा-तुकारामांच्या गजराने किंवा एखाद्या अभंगाने वाजत असेल, तर ती रिंगटोन काढून टाका. म्हणणे एवढेच. पण का काढायची, हे सांगायला थोडी जागा लागेल.

आमच्या वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर घ्या, मालेगाव घ्या, रिसोड घ्या, मानोरा घ्या, सप्ताह नाही असे गाव शोधावे लागते. कीर्तन रंगात आलेले असते, बुवांनी दृष्टांत अगदी टोकाला आणून ठेवलेला असतो, आणि मांडवात फोन वाजतो. फोनवर सिनेमाचे गाणे असेल तर पन्नास माना वळतात. ज्याचा फोन तो ओशाळतो, धोतराच्या सोग्यात हात घालून चाचपडतो, शेजारचा त्याला कोपराने ढोसतो. पण फोनवर गजर असेल तर? लोक हसतात. एखादी आजी तर हातही जोडते. कीर्तन दोन्ही वेळा मोडलेले असते, एकच माणूस गुन्हेगार ठरतो आणि दुसरा भाविक. माझा आक्षेप इथून सुरू होतो. सिनेमाचे गाणे वाजले तर कीर्तनाचा विरस होतो. गजर वाजला तर कीर्तनाचा विरस होतोच, शिवाय गजराचाही होतो.

रिंगटोन ही काय चीज आहे ते आधी पाहू. आपल्या देशात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ ला झाले. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन केला. त्याच सुमारास नोकिया कंपनीच्या फोनवर एक धून यायला लागली होती. ती तुम्हां-आम्हां सगळ्यांना आजही ऐकताक्षणी ओळखू येईल. ती कंपनीच्या कारखान्यात जन्मलेली नव्हे. स्पेनमधले फ्रान्सिस्को तारेगा नावाचे गिटारवादक होऊन गेले, त्यांनी १९०२ मध्ये केलेल्या एका रचनेचा तो छोटासा तुकडा. आता गंमत पाहा. मूळ रचना कुणी वाजवायला घेतली आणि तो तुकडा आला, की ऐकणाऱ्याला गिटार आठवत नाही, नोकिया आठवतो. एका गुणी माणसाची रचना होती, तिची घंटी झाली. घंटी झालेली गोष्ट पुन्हा मूळ जागी नेऊन बसवता येत नाही, हे इथे लक्षात ठेवा.

पुढे फोनमध्ये गाणीच घालता येऊ लागली. बसस्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानांत दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचे, ते दिवस फार जुने नाहीत. 'भक्तीचे टाका' म्हटले की पोरगा एका दमात शंभर अभंग भरून द्यायचा. मग आली कॉलर ट्यून. फोन करणाऱ्याला ट्रिंग ट्रिंग ऐवजी आपण निवडलेले गाणे ऐकू येणार, आणि त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला आपल्या खात्यातून जाणार. कित्येक माउलींच्या रिचार्जमधून पैसे का कटतात हे त्यांना कळायलाच सहा महिने लागले. ते असो. पैशाचा मुद्दा मी सोडून देतो, त्याहून मोठे नुकसान दुसरीकडे आहे.

फोन साधारण अर्धा-पाऊण मिनिट वाजतो. तेवढाही कोण वाजू देतो? चौथ्या-पाचव्या सेकंदाला अंगठा फिरतो. त्या अंगठ्याखाली काय येते याचा विचार करा. 'ज्ञानोबा' मधला 'ज्ञा' बाहेर पडलेला असतो आणि 'नोबा' आतच राहतो. 'विठ्ठल' चा 'विठ्' होतो. अभंगाचे तर आणखी वाईट. अभंगाचा ठाव शेवटच्या चरणात असतो, तिथे संत आपली नाममुद्रा ठेवतात आणि जे सांगायचे ते सांगतात. रिंगटोन करणारा धृपदाचा गोड तुकडा कापून घेतो, आणि फोन उचलणारा तोही पुरा होऊ देत नाही. म्हणजे ज्या तुकोबांचा अभंग, त्या तुकोबांचे नाव त्या फोनमधून कधीच, एकदाही, ऐकू येत नाही. ज्याचे नावच अभंग, त्याचा दिवसातून चाळीस वेळा भंग आपण आपल्याच अंगठ्याने करतो, आणि वरून म्हणतो, कानावर देवाचे नाव पडते हो!

काही मंडळी दुसऱ्याच कारणासाठी या रिंगटोनला विरोध करतात. फोन संडासात वाजतो, बारमध्ये वाजतो, मागच्या खिशात ठेवून माणूस त्यावर बसतो, म्हणून देवाचे नाव नको, असे ते म्हणतात. त्यांच्याशी माझे जमत नाही. नामाला सोवळे-ओवळे आपल्या संतांनी ठेवलेले नाही. गुरे राखताना, दळताना, मेलेली ढोरे ओढताना ज्यांनी नाम घेतले त्यांचे आपण वारस. नाम कुठेही घ्यावे, हे आपल्याला पूर्ण मान्य. पण घ्यावे. वाजवून घेऊ नये, आणि तोडू तर नयेच.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. रिसोड तालुक्यातले एक शेतकरी माझ्या परिचयाचे आहेत. चार एकर सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी. पंढरीची वारी चुकवत नाहीत. त्यांच्या फोनवर अनेक वर्षे गजराचीच रिंगटोन होती. मध्ये दोन वर्षे पीक हातचे गेले, कर्ज थकले आणि वसुलीचे फोन सुरू झाले. सकाळी आठला फोन, दुपारी जेवणाला बसले की फोन, रात्री फोन. प्रत्येक फोनला आधी काय वाजायचे? गजर. गजर वाजला की पोटात गोळा. गजर वाजला की घरची माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहणार. पोराने फोन उशीखाली दडवला तर उशीखालून गजर. हे असे वर्षभर चालले. पुढे भाव बरा लागला, कर्जाचे काही जमले, फोन थांबले. एके दिवशी मारुतीच्या पारावर बसलो असताना ते मला म्हणाले, "महाराज, आता देवळात गजर सुरू झाला तरी मह्या छातीत धस्स होते. हात आपोआप खिशात जाते. टाळ हातात घेतला, आन् मले घाम फुटला."

या माणसाचे काय गेले ते नीट समजून घ्या. शेत राहिले, घर राहिले. ज्या गजराच्या आधाराने त्यांचे वडील, आजोबा दुष्काळातून तरले, तो गजरच त्यांच्यासाठी वसुलीवाल्याचा आवाज होऊन बसला. घंटी रोज ज्या बातमीच्या आधी वाजते, त्या बातमीचा रंग घंटीला चढतो. शाळेची घंटा पुरी होण्याआधी पोरे दप्तर उचलतात, हा शरीराचा धर्म आहे, यात श्रद्धा कमी-जास्त असण्याचा प्रश्न नाही. करोनाच्या काळात, २०२० च्या मार्चपासून, फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा आणि मग सूचना. नंतर किती दिवस तो नुसता खोकला कानी आला तरी आपल्याला कसे व्हायचे, आठवते? मग बँकेचा फोन, तहसीलचा फोन, दवाखान्यातून आलेला रात्री दोनचा फोन, यांच्या दाराशी आपण नामाला चोपदार म्हणून का उभे करतो? उद्या मरणाच्या वाटेवर कुणी कानात नाम सांगेल, तेव्हा आपल्याला आठवायचे काय, कुणाचा फोन आला ते?

यावर उत्तरे येतात, आणि आपले वारकरी वादात कच्चे नाहीत. पहिले उत्तर अजामिळाचे. त्याने तर पोराला हाक मारली होती, 'नारायण' म्हणून, आणि तेवढ्यावर तरला. मग फोन का होईना, नाम तर उच्चारले जाते. माउली, अजामिळाने हाक मारली ती स्वतःच्या तोंडाने. घाबरून मारली, मोहाने मारली, पण जीभ त्याची होती. तुमच्या फोनला जीभ नाही. आणि त्या नावाला तुमची जीभ साथही देत नाही, कारण ती 'हॅलो' म्हणायच्या तयारीत असते.

दुसरे उत्तर पैठणच्या रेड्याचे. एका सप्ताहात एका तरुण टाळकऱ्याने मला भर पंगतीत विचारले, "महाराज, रेडा वेद बोलला ते चालते, मंग मोबाईल अभंग बोलला तर काहून चालत नाही?" पंगत हसली, मीही हसलो. प्रश्न चांगलाच आहे. पण रेड्याच्या मुखातून वेद वदवले ते रेड्याच्या ठायीही तोच आत्मा आहे हे दाखवण्यासाठी. यंत्राच्या ठायी काय दाखवायचे? आणि त्या दिवशी पैठणच्या एकाही ब्राह्मणाने रेड्याच्या तोंडावर अंगठा दाबून 'नंतर बोल' म्हटल्याचे कुठे लिहिलेले नाही.

तिसरे उत्तर मला सगळ्यांत आवडते, कारण ते देणाऱ्याचा संतचरित्राचा अभ्यास असतो. जनाबाईंच्या गोवऱ्या! गोवऱ्यांवरून भांडण लागले तेव्हा जनाबाई म्हणाल्या, कानाला लावून पाहा, ज्यांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल त्या माझ्या. मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी अशाच कानाला लावून ओळखल्या. निर्जीव वस्तूतून नाम येऊ शकते, हे आपलीच परंपरा सांगते की! सांगते, आणि माझ्याच बाजूने सांगते. गोवरीत नाम कुणी भरले नव्हते. थापणाऱ्या हातातून ते उतरले होते. हाडांत नाम मुरले ते आयुष्यभर घेतल्यामुळे. जनाबाईंचे गाव गंगाखेड. शेगावची श्रीगजानन महाराजांची पालखी आमच्याकडून मेडशी, शिरपूर, रिसोड अशी पुढे जाते ती वाटेत गंगाखेडला थांबते. तिथे गेलात तर मनाशी एवढेच विचारा, माझा फोन बंद करून कुणी कानाला लावला तर काय ऐकू येईल? आणि मग फोन बाजूला ठेवून, मला कानाला लावले तर?

खरे म्हणजे आवाजाचे शास्त्र वारकऱ्याला कुणी शिकवायला नको. सूचना कशी द्यावी आणि नाम कसे घ्यावे, या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. तळावरून निघायचे तर शिंग वाजते. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला दिंड्या लागतात, तिसऱ्याला सोहळा हलतो. ही आपली 'अलर्ट टोन'. त्यासाठी कुणी अभंग वापरला नाही. शिंग वापरले, कारण शिंगाचे काम सांगणे आहे. अभंग वाट चालताना म्हणायचा. तसेच समाज आरतीचे. लाखांचा समाज तळावर जमलेला, शेकडो टाळ-मृदंग चाललेले, आणि चोपदार दंड उंच करतात. एका क्षणात सगळे शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, हरवले-सापडले पुकारतात, मग आरती होते. फोनच्या कंपन्यांनी 'सायलेंट' चे बटण काढले ते अलीकडे. ज्याला खरेच काही सांगायचे आहे त्याचाच आवाज यावा, बाकीच्यांनी गप्प राहावे, ही युक्ती चोपदारांच्या दंडात आधीपासून होती.

म्हणून 'कीर्तनाला येताना मोबाईल बंद ठेवावा' एवढे फर्मान काढून मोकळे होणाऱ्यांच्याही मी विरोधात आहे. कुणाची सून बाळंतपणाला दवाखान्यात असते, कुणाचे म्हातारे घरी एकटे असतात, रात्री रानात ओलित करायला पोरगा गेलेला असतो. त्याला फोन बंद करायला लावून मांडवात बसवले तर तो बसेल, पण ऐकणार नाही. शिवाय काही आवाज जीव वाचवणारे असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा संभव असला तर इशारा देते. मृगात पेरणी चालू असताना आमच्या उघड्या माळावर तो इशारा ऐकू आलाच पाहिजे. २०२३ मध्ये सरकारने आपत्तीच्या संदेशाची चाचणी घेतली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते आणि पुष्कळांना वाटले फोन हॅक झाला. तो आवाज कर्कशच ठेवलेला आहे. धोक्याची घंटा गोड असून कशी चालेल?

तेव्हा करायचे काय? फोनच्या सेटिंगमध्ये 'साउंड' उघडा आणि साधी घंटी लावा, फोनसोबत आलेली. घरच्या दोन-चार माणसांसाठी वेगळी घंटी हवी असेल तर ज्याचे नाव साठवले आहे ते उघडून वरच्या तीन ठिपक्यांत 'सेट रिंगटोन' मिळते. त्या नावांपुढे तारा लावा. मग 'डू नॉट डिस्टर्ब' सुरू करून त्यात फक्त तारा लावलेल्यांना मुभा द्या. बहुतेक फोनमध्ये आणखी एक सोय असते, तीच व्यक्ती पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करील तर घंटी वाजू द्यायची. कुणी अनोळखी माणूस अडचणीत असेल तर तो दुसऱ्यांदा करणारच. तक्रारीची दिंडी टाळ वाजवत राहते, तसे. बाकी बाजारभावाचे, वाढदिवसाचे, 'शुभ सकाळ' चे ग्रुप मुके करून ठेवा, कुणाचे काही अडत नाही. आणि हे सगळे करता करता वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे आवाज देण्याचा जो चावट खेळ चालतो, सासूला सिनेमातले टिंगलीचे गाणे, उधारी मागणाऱ्याला कुत्र्याचे भुंकणे, तोही बंद करा. जो माणूस दिसेल त्याच्या पाया पडणारी आपली परंपरा, आणि फोनमध्ये हा प्रकार?

अलार्मचेही तेच. कोजागिरी ते कार्तिकी पौर्णिमा गावोगाव काकडा असतो. पहाटे चारला काकडआरतीच्या ध्वनिफितीचा अलार्म लावणारे मला माहीत आहेत. देवाला जागे करणारी पदे वाजतात, आणि भक्त 'स्नूझ' दाबतो. पुन्हा वाजतात, पुन्हा दाबतो. देव तेवढ्यात उठून बसलेला असतो.

एका माणसाच्या फोनला मात्र मी हात लावणार नाही. मानोऱ्याकडच्या एका गावात एक आजी आहेत. अक्षरओळख नाही, दृष्टी अधू. नातवाने त्यांना प्रत्येक लेकासाठी वेगळी चाल लावून दिली आहे, म्हणजे कुणाचा फोन ते पडद्यावर न पाहता कळावे. पुण्याच्या लेकाला एक अभंग. तो वाजायला लागला की आजी पदर सावरून हात जोडतात आणि तो संपेपर्यंत फोन उचलतच नाहीत. लेकाला हे ठाऊक आहे. त्याचा पहिला फोन तसाच जातो, तो दुसऱ्यांदा करतो, आणि मग मायलेकरांचे बोलणे होते. मी त्यांना काही बोललो नाही. जो अभंग पुरा होऊ देतो त्याच्याशी माझे भांडण नाही. पण आपल्यापैकी असे किती?

कीर्तनकार मंडळींना दोन शब्द सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, मग मला पुढच्या वर्षी सप्ताहाची सुपारी कमी मिळाली तरी चालेल. आपल्याच आवाजातला अभंग आपल्याच फोनला रिंगटोन आणि कॉलर ट्यूनही तोच, हे काय आहे महाराज? तारीख ठरवायला फोन करणाऱ्याने आधी आपले गाणे ऐकायचे? ही जाहिरात झाली. लोकांना नाम घ्या म्हणून सांगायचा अधिकार ज्याच्याकडे, त्याने तरी ते नाम व्यवहाराच्या तोंडी लावू नये. मांडवात फोन वाजला म्हणून श्रोत्याला व्यासपीठावरून झापणारे बुवा मी पाहिले आहेत, आणि दहा मिनिटांनी त्यांच्याच पिशवीतून गजर सुरू झालेलाही पाहिला आहे.

येत्या सप्ताहाच्या पत्रिकेत 'मोबाईल बंद ठेवावेत' ही ओळ छापण्यापेक्षा मंडळींनी एक करावे. पहिल्या दिवशी हरिपाठाच्या आधी, गावातली फोनमधले कळणारी दोन पोरे-पोरी मांडवाच्या तोंडाशी बसवावीत. येणाऱ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे फोन हातात घेऊन घंटी बदलून द्यावी, घरच्यांच्या नावांना तारे लावून द्यावेत, बाकीचे मुके करून द्यावे. एका फोनला दोन मिनिटे लागतात. आणि सुरुवात विणेकऱ्याच्या फोनपासून करा. तो बिचारा पहाऱ्याला उभा असतो, वीणा खाली ठेवता येत नाही, दोन्ही हात गुंतलेले, आणि बंडीच्या खिशात फोन वाजला तर तो बंद करायला सगळ्या मांडवातून कुणीतरी धावत यावे लागते.